गुरुवारची भेंडी बुधवारी येते

सोमवारी काय शिजवायचं ते रविवारीच ठरवून टाका, असा सल्ला देणारा माणूस शेतकऱ्याच्या दारात कधी भाजीला गेलेला नसतो. तो मॉलमधला. तिथे भेंडी बाराही महिने असते, बाराही महिने एकाच लांबीची असते आणि बाराही महिने तिला कसलीच चव नसते. अशा भेंडीला गुरुवार नेमून देता येतो. आमच्याकडच्या भेंडीला स्वतःचं मत असतं.

आमच्याकडे म्हणजे एकलहऱ्याला. मनमाडकडून रेल्वेने येणाऱ्यांना आमचं गाव चिमण्यांवरून कळतं. चिमण्या दिसल्या की लोक सीटखालच्या बॅगा ओढायला लागतात, नाशिकरोड आलं म्हणून. बऱ्याच जणांना आमच्या गावाचा उपयोग एवढाच. प्रत्यक्षात इथे विजेचे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, कामगारांची वसाहत आहे आणि वसाहतीची भिंत संपली की मळे सुरू होतात. गोदावरी जवळ, माती काळी आणि माणसं अशी, की दोन गुंठे मोकळे दिसले तर त्यात कोथिंबीर टाकून मोकळी होतील.

एवढी भाजी दाराशी पिकत असताना आम्ही ती वर्षानुवर्षं कशी खाल्ली, ते ऐकण्यासारखं आहे. समोरच्या वावरातली मेथी दुपारी उपटायची, जुड्या बांधायच्या, पिकअपमध्ये भरून पंचवटीच्या मार्केट यार्डात न्यायची. तिथे संध्याकाळी लिलाव. पालेभाजीचा भाव शंभर जुड्यांच्या हिशोबाने निघतो, त्यामुळे एकट्या जुडीला तिथे कोणी विचारत नाही. रातोरात गाड्या कसारा घाट उतरून मुंबईला जातात आणि तिकडे आमच्या एका जुडीच्या दोन-तीन जुड्या होतात. त्यातलीच एक विकत घेऊन दादरची मावसबहीण मला फोनवर सांगते, “तुमची काय बाई मजा, दाराशी भाजी!” दाराशी खरीच, पण ती आमच्या दाराशी यायची दुसऱ्या दिवशी, हातगाडीवरून. सगळं नाशिक फिरून आलेली आणि तशीच दिसणारी.

मग २०१६ साली सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. पणन मंडळाने जागोजागी शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवायला घेतले आणि त्या अभियानाला संत सावता माळ्यांचं नाव दिलं. भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल दिसलेल्या माणसाचं नाव एखाद्या सरकारी अभियानाला शोभून दिसावं, असं क्वचितच होतं. आमच्या रस्त्याला आठवडे बाजार काही आला नाही, पण वारं आलं. एका मळेवाल्याने कडेला पत्र्याची शेड ठोकली, ‘शेतकरी ते थेट ग्राहक’ अशी पाटी लावली आणि खाली दोन पाट्या मांडल्या. एकीत जे निघालं ते, दुसरीत कालचं उरलेलं. दुसरी पाटी सहसा त्यांच्या म्हशीकडे जाते, पण मांडायची मात्र रोज. दुकानाला भारदस्तपणा येतो.

या शेडने आमच्या स्वयंपाकघरांचं वेळापत्रक उधळलं, ते काकांमुळे उघडकीला आलं.

काका आमच्याच ओळीत राहतात. वीज केंद्रातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, तेव्हा दसरा नुकताच होऊन गेला होता. स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात आलं. साधा माणूस अशा वेळी डबा लावतो. काकांनी तक्ता केला.

“सगळ्या राज्याची वीज रोज ९६ तुकड्यांत आखतात,” त्यांनी मला सांगितलं. “पंधरा-पंधरा मिनिटांचा एकेक. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून आकडा यायचा आणि आम्ही तेवढी वीज द्यायचो. इथे आठवड्याची जेवणं किती? न्याहारी धरून एकवीस! त्यात काय आहे?”

तक्ता सुंदर होता. सोमवार दुधी, मंगळवार मेथी, बुधवार फ्लॉवर, गुरुवार भेंडी, शुक्रवार मटकीची उसळ, शनिवार पालक, रविवार मसाल्याची वांगी. प्रत्येक भाजीपुढे लागणारा वेळ मिनिटांत, मिठाचं प्रमाण ग्रॅममध्ये. शेवटच्या रकान्यात ‘राखीव’ असं लिहून पुढे काही लिहिलं नव्हतं. तक्त्याला प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं. म्हणजे दुरुस्तीची वेळच येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

सोमवारी काका शेडवर गेले, तेव्हा मी तिथेच होते.

“दुधी द्या एक. मध्यम.”

“दुधी अजून लहानंय साहेब वेलावर. शुक्रवारी बघू.”

“मग आज काय आहे?”

“मेथी.”

“मेथी मला उद्या पाहिजे.”

“उद्या नाही राहायची. वाफा मोकळा करायचाय, कांद्याची रोपं तयार झालीत.”

काकांनी खिशातून तक्त्याची झेरॉक्स काढली आणि मळेवाल्या भाऊंना दाखवली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी धरून नीट वाचली, मान हलवली आणि अदबीने परत दिली. “चांगलंय,” म्हणाले. “आमच्या वेलाला दाखवतो.”

मेथी घेऊन काका परतले. एक जुडी मागितली होती, तीन मिळाल्या. ही त्या शेडची दुसरी अडचण. मुंबईचा बाजार पडला की भाऊंचा हात सैल सुटतो. यार्डात नेऊन भाड्याचेही पैसे सुटणार नाहीत, असं दिसलं की ते एकीच्या पैशात तीन जुड्या देतात, वर कोथिंबीर घालतात आणि “राहू द्या, पोरांना पराठे करा” म्हणतात. त्या भावात त्यांचं काय होतं, ते त्यांना ठाऊक. तेव्हा हिशोब करणाऱ्या माणसाने पिशवी उघडायच्या आत तिचं तोंड आवळायला शिकलं पाहिजे. मला आजवर जमलेलं नाही. समोरचा माणूस आपल्याच कष्टाचं मातेरं हसत हसत पिशवीत टाकत असतो, त्याला नको कसं म्हणायचं?

बुधवारी भेंडी आली. भेंडीचं काय आहे, की फूल गळून पडल्यावर पाच-सहा दिवसांत ती तोडावीच लागते. तोडा एक दिवसाआड. एक तोडा चुकला की तिचे दोर होतात, मग ती बैलालाही चावत नाही. बुधवार हा तोड्याचा दिवस होता. गुरुवार नव्हता. काकांनी बुधवारची भेंडी घेऊन गुरुवारच्या रकान्यासाठी फ्रीजमध्ये ठेवली आणि तक्त्याची अब्रू राखली. गुरुवारी सकाळी पुण्याहून काकूंचा फोन आला, “आज काय करताय खायला? साबुदाणा भिजवलात ना रात्री?”

त्या दिवशी संकष्टी होती.

तक्त्यापासून तीन हातांवर ‘कालनिर्णय’ लटकत होतं. त्यावर दुधाचे खाडे होते, गॅसची तारीख होती आणि चतुर्थीचा चंद्रोदयही होता. १९७३ पासून हे कॅलेंडर मराठी भिंतींवर आहे आणि खरं तर महाराष्ट्राचा आठवड्याचा जेवणाचा तक्ता तोच आहे. सोमवार कोणाचा, गुरुवार कोणाचा, एकादशी कधी, घरातल्या कोणत्या माणसाला कोणत्या दिवशी काय चालत नाही. एवढं वजा केल्यावर जे दिवस उरतात, त्यांतच भाजीला वाव. पानाच्या मागे पाककृतीही छापलेली असते. ती सहसा अशा भाजीची असते, जी त्या महिन्यात आपल्या शेडवर नसते.

रविवारच्या मसाल्याच्या वांग्यांची गोष्ट तर निघालीच नाही. ती आधीच बाद झाली. “चातुर्मास चालू आहे,” काकू फोनवर म्हणाल्या, “वांगं घरात आणू नका. मी नसले तरी घर माझंच आहे.”

आता इथे मला काकूंच्या बाजूने बोललं पाहिजे. वर्षाचा जेवणाचा आराखडा आपल्याकडे कोणीतरी फार पूर्वी आखून ठेवलाय आणि तो काकांच्या तक्त्यापेक्षा वावराच्या जास्त जवळचा आहे. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची जे म्हणाल ती वस्तू पोटभर खाऊन घ्यायची, कारण दोन दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागतो. मग कांदा-लसूण, वांगं बंद. ते वांगं पुन्हा सुटतं मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. तोवर थंडीतली कोवळी, काटेरी देठाची वांगी बाजारात आलेली असतात. देवाने वाट पाहायला लावली ती योग्य वेळेपर्यंतच. चातुर्मास न पाळणाऱ्या आमच्या घरातही चंपाषष्ठीच्या भरताची चव वेगळी लागते, याला कारण देव की थंडी, यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

आणि भोगी! संक्रांतीच्या आदल्या दिवसाची ती भाजी ज्या बाईने पहिल्यांदा केली, तिने ती पुण्य लागावं म्हणून केली असेल असं मला बिलकुल वाटत नाही. जानेवारीत पावटा, वाल, मटार, ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा असं सगळं एकदम अंगावर येतं. तिच्या घरात सगळ्याचं थोडं थोडं उरलं होतं. तिने ते एका पातेल्यात घातलं, तिळाचं कूट लावलं, शेजारी बाजरीची भाकरी ठेवली आणि घरातल्या पुरुषांनी तोंड वेंगाडू नये म्हणून “आज हेच खायचं असतं” असं सांगितलं. पुढचं काम परंपरेने केलं.

पुस्तकं मागवावीत, असंही काकांच्या मनात आलं. लेकीने त्यांना ‘रुचिरा’ पाठवायचं कबूल केलं. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० सालचं. वाटी आणि चमचा एवढ्याच मापांवर त्यांनी महाराष्ट्रातल्या नव्या संसारांना हात धरून स्वयंपाक शिकवला. त्याआधी १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या होत्या. हजार! पण हजार पाकक्रिया असलेल्या पुस्तकालाही हे सांगता येत नाही, की आज भाऊंच्या पाटीत नुसती गिलकी आहेत आणि काल पण गिलकीच होती.

ते कसं निभवायचं, हे ज्यांना येतं त्या बायका तक्ता करत नाहीत. निदान कागदावर नाही. त्यांच्या डोक्यात भाजीचं नाव नसतं, भाजीचं वय असतं. आधी पालेभाजी संपवायची, कारण मेथी-शेपू-चुका दुसऱ्या दिवशी माना टाकतात. मग गिलकी, भेंडी, गवार, काकडी. मग फ्लॉवर, कोबी. गंगाफळ आणि बटाटा शेवटी, ते पाहुण्यांसारखे कितीही दिवस राहतात. मधे एका रात्री मटकी भिजवायची, म्हणजे शेडवर काहीच नसलं तरी तिसऱ्या दिवशी उसळ उभी राहते. आणि सगळं फसलं की पिठलं. काकांच्या तक्त्यात ‘राखीव’पुढे जी जागा कोरी होती, तिथे पिठलं लिहायचं असतं. वीज केंद्राचा एखादा संच बंद पडला, तर दुसरीकडून वीज घेऊन भागवतात. घरात ते काम डाळीचं पीठ करतं आणि पंधरा मिनिटांच्या एकाच तुकड्यात करतं.

मेथीला मात्र यातलं काही लागू होत नाही. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात तयार होते आणि दिवाळीनंतर आमच्या भागातल्या सगळ्यांनी ती एकाच आठवड्यात पेरलेली असते, असा माझा जुना संशय आहे. पहिल्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घालून परतून. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तूरडाळ घालून पातळ भाजी, लसणाची चरचरीत फोडणी. अजून खूश. तिसऱ्या दिवशी ठेपले, आणि मुलं डबा उघडून बघायला लागतात. चौथ्या दिवशी मुटके करून ते वालाच्या भाजीत सोडायचे, म्हणजे वरून दिसत नाहीत. पाचव्या दिवशी घरातला कर्ता माणूस विचारतो, “आज काय आहे?” आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

याच सुमारास वसाहतीत रात्रीच्या हालचाली सुरू होतात. दाराच्या कडीला पिशवी लटकवून लोक बेल वाजवतात आणि दार उघडायच्या आत जिन्यावरून खाली पळतात. पिशवीत मेथी. प्रत्येकाला भाऊंनी तीन-तीन जुड्या दिलेल्या. एकदा मी वरच्या मजल्यावर दिलेली जुडी दोन घरं फिरून माझ्याच कडीला परत आली. मी बांधलेला निळा दोरा होता तिला. रात्रपाळीवरून सकाळी घरी येणारे लोक पिशवी बघून दारातूनच हाक मारतात, “अगं, पुन्हा आलीय!” बाकीचे महिने ज्यांच्याशी आमचं फारसं जाणं-येणं नसतं, त्यांच्याशीही मेथीच्या दिवसांत देणं-घेणं होतं. देणं जास्त, घेणं नाइलाजाने.

हे दुखणं फक्त आमचंच नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला हंगामाआधी पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला त्याच्या शेतातलं एक खोकं घरी आणायचं, अशी पद्धत आहे. खोक्यात काय असेल ते शेतकऱ्याच्या वावरावर. माझी भाची न्यू जर्सीत असं खोकं घेते आणि खोकं उघडल्याबरोबर मला फोटो पाठवते, “मावशी, याचं काय करू?” फोटोत नवलकोल असतो. नवलकोल सगळ्या जगात न मागताच येतो. मी तिला हरभऱ्याची डाळ भिजवून करायला सांगते. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवलकोलाचाच फोटो येतो. तिच्या प्रश्नातला “मावशी” तेवढा गळलेला असतो.

आमच्याकडे पावसाळ्यात उलटी तऱ्हा. वाफे पाण्यात, पालेभाजी सडलेली, भाऊंची शेड रिकामी. तेव्हा पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका नाशिकला रानभाज्या घेऊन येतात. करटुली, कुर्डू, टाकळा. या भाज्या कोणी पेरलेल्या नसतात, त्यामुळे त्यांचा तक्ता करायचं तर काकांनाही सुचलं नसतं. भाजी कशी करायची हे विकणारी मावशीच सांगते, आणि तिने सांगितलं तसं केलं तरच ती चांगली होते. त्या बाईला विचारायच्या ऐवजी मोबाइलवर बघून टाकळा करणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती नाही.

काकांचं पुढे काय झालं? ते हरले नाहीत, अभियंते आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून ते सकाळी सातला शेडवर जायला लागले, खाली पाटीत काय आहे ते बघून घरी येऊन तक्ता करायला लागले आणि त्याप्रमाणे स्वयंपाक करून “शंभर टक्के अंमलबजावणी” असा शेरा मारायला लागले. सोमवारच्या दुधीचा तक्ता सोमवारी दुधी पिशवीत पडल्यावर होतो. काकूंना फोनवर हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग मी चाळीस वर्षं दुसरं काय करत होते?” काका म्हणाले, “तुझ्या कामाची नोंद नव्हती.” यावर पुण्याकडून बराच वेळ आवाज आला नाही. नंतर बाळाचा आला.

भाऊंनीही त्यांच्या परीने आधुनिक व्हायचा प्रयत्न केला. त्यांच्या मुलाने गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअॅप गट काढला आणि रोज संध्याकाळी उद्याची भाजी कळवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ‘उद्या: पालक, दुधी, गवार’ असं आलं. आम्ही ओळीतल्या सगळ्यांनी त्याप्रमाणे बेत केले. दुसऱ्या दिवशी शेडवर कोबी. गवार मजूर न मिळाल्याने तोडली गेली नव्हती, पालक रात्रीच व्यापारी जागेवर येऊन घेऊन गेला होता आणि दुधीला अजून शुक्रवार यायचा होता. हल्ली गटावर रोज ‘या, बघू’ एवढाच निरोप येतो. तो मात्र आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही.

तेव्हा शेतावरच्या भाजीवर आठवडा काढायचा कोणाच्या मनात असेल, तर एवढंच करा. डाळीचं पीठ भरपूर ठेवा, मटकी भिजत ठेवा, कॅलेंडर आधी बघा आणि भाजीला घरातल्या हळव्या माणसाला एकट्याला पाठवू नका. आमच्या भागात यायचं असेल तर सकाळी लवकर या, सुटे पैसे आणि मोठी पिशवी घेऊन या. सध्या दुधी निघाले आहेत, तो शुक्रवार शेवटी उजाडला, आणि आमच्या घरात त्यातले चार पडून आहेत. वाटेत थांबून दोन खुशाल घेऊन जा. पैसे नकोत, पण बदल्यात कृपा करून दुसरी कोणतीही भाजी आणू नका.